शौल राजाला दावीदाने मारलेलं नाही
ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की दावीदाने (शौलानंतर इस्राएलचा राजा झाला तो) शौल राजाला मारून इस्राएलची गादी बळकावली. असं बायबलमध्ये कुठेच नाहीये. बायबलमधलं पहिलं शमुवेल हे पुस्तक, अध्याय ३१ उघडून बघा, गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांशी लढाई झाली, शौलाला बाण लागले, शत्रूच्या हाती सापडायला नको म्हणून तो स्वतःच्याच तलवारीवर पडला, योनाथान धरून त्याची तीन मुलं पण त्याच दिवशी गेली. दावीद तिथे नव्हताच. घोळ बहुतेक पुढच्या पुस्तकामुळे (दुसरं शमुवेल) होत असावा, तिथे अमालेकी जमातीचा एक माणूस शौलाचा मुकुट घेऊन येतो आणि मीच मारलं म्हणून सांगतो, बक्षीस मिळेल वाटलं असणार बिचाऱ्याला, पण दावीद त्यालाच ठार करायला लावतो.

आणि गादी काय लगेच मिळाली नाही. हेब्रोन शहरात दावीद फक्त यहूदा या एका वंशाचा राजा झाला, इस्राएलच्या बाकीच्या वंशांवर शौलाचा सेनापती अबनेरने शौलाचा मुलगा ईश-बोशेथ बसवला, त्याचा खून त्याच्याच दोन सरदारांनी केला (दावीदाने त्यांनाही सोडलं नाही), मग कुठे सगळं इस्राएल दावीदाकडे आलं. हेब्रोनात साडेसात वर्षं गेली. दावीदाच्या चुकाच काढायच्या तर उरियाचं प्रकरण आहे की (त्याच्या बायकोसाठी दावीदाने त्याला लढाईत मारवलं), बायबलने ते लपवलेलं नाहीये. हा मेसेज मात्र प्लीज पुढे पाठवू नका, आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.