पन्नास गाण्यांत एक धड नाही

भाऊ न्यू जर्सीहून आला आणि येताना आठवणीने माझ्यासाठी अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाचा 'फायनली इनफ लव्ह' हा संच घेऊन आला. तीन सीड्या, पन्नास गाणी, जवळजवळ चाळीस वर्षांची कारकीर्द. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

रविवारी मेथीची जुडी पुढ्यात घेतली आणि निवडता निवडता 'फ्रोझन' ऐकायचं ठरवलं. काय गाणं आहे ते! व्हायोलिनं हळूहळू चढत जातात आणि ती थंडगार आवाजात, अजिबात घाई न करता गाते. लावलं, तर धप् धप् धप् धप्. आतून नवरा ओरडला, "अगं, वॉशिंग मशीन हलतंय बघ!"

चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. गाण्याचं नाव, पुढे कंस, कंसात रिमिक्स. खाली बघावं तर पुन्हा रिमिक्स. कारण काय, तर ही बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या डान्स क्लब यादीत पहिल्या नंबरवर गेलेली पन्नास गाणी. म्हणजे क्लबातले डीजे काय वाजवायचे त्यावरून बनायची ती यादी; २०२० पासून तीही बंद. अहो, मी डोंबिवलीत मेथी निवडतेय, मला काय करायचाय तुमचा क्लब?

'डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना'चा इथे मायामी मिक्स आहे. सिनेमात एव्हिता, म्हणजे अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको, बाल्कनीत उभी राहून गाते, डोळ्यांत पाणी यावं असं गाणं, आणि या लोकांनी तिला तिथून उचलून थेट बीचवर नाचायला नेलं! 'टेक अ बो' १९९५ मध्ये अमेरिकेत सात आठवडे एक नंबरवर होतं, मॅडोनाचं दुसरं कुठलंच गाणं तिथे इतकं टिकलेलं नाही. ते नाही. 'लिव्ह टू टेल' नाही, 'पापा डोन्ट प्रीच' नाही. दोन्ही १९८६ची, दोन्ही तिथे एक नंबर. पण त्यांच्यावर क्लबात कोणी एक नंबरचा शिक्का मारला नाही ना, मग बसा बाहेर.

बरं, हे आजचं नाही. १९९० चा तिच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह 'इमॅक्युलेट कलेक्शन' आठवा. माझ्याकडे कॅसेट होती, पेन्सिल घालून गुंडाळून गुंडाळून वाजवलेली. कितीतरी वर्षं मला वाटत होतं 'हॉलिडे' चार मिनिटांचंच आहे. मूळ अल्बम हातात आला तेव्हा कळलं, सहा मिनिटांचं आहे! दोन मिनिटं कापून टाकलेली. 'लाइक अ प्रेयर'चं मिक्सिंगही बदललेलं. आणि 'ट्रू ब्लू'? इंग्लंडात एक नंबरला गेलेलं गाणं, तिच्याच अल्बमचं नाव त्यावरून, त्याला जागा नाही. १९ वर्षांनी 'सेलिब्रेशन' हा तसाच संग्रह आला, ३६ गाण्यांचा. म्हटलं आता तरी. छे! 'ट्रू ब्लू' नाहीच, वर 'धिस यूज्ड टू बी माय प्लेग्राउंड'सुद्धा गायब. जुनी हिट गाणी गाळायची आणि त्यांच्या जागी दोन कोरी गाणी घुसडायची, म्हणजे ज्याच्याकडे सगळं आहे त्याने त्या दोघांसाठी पुन्हा पाकीट उघडायचं. एवढं साधं गणित आहे.

कोणी तरी एकदा, फक्त एकदा, सगळी गाजलेली गाणी जशी रेडिओवर वाजली तशीच, न कापता, न ढवळता, ओळीने लावून द्या. एवढंही जमत नाही? आमच्याकडे आकाशवाणीवर निवेदिका सांगते, "मूळ ध्वनिमुद्रण ऐकू या," आणि खरंच तेच वाजतं.

मुलगी म्हणते, "आई, प्लेलिस्ट बनव ना, त्यात काय एवढं!" बनवली. दुपारचे दोन तास गेले, जेवण गार झालं. एकेका गाण्याचे दहा-बारा अवतार, वरती रिमास्टर, खाली एडिट, मूळचं कुठलं ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. सहावं गाणं शोधेपर्यंत डोकं उठलं.

रात्री भावाचा व्हिडिओ कॉल. "ऐकलंस का गं? आवडलं?" इतक्या लांबून जपून आणलंय बिचाऱ्याने, खोक्याला साधा चराही पडू दिला नाही.

"मस्त आहे रे," म्हटलं. "मेथी निवडताना तेच लावलं होतं."