गाडीगो, निमगो?

बेळगावात माणसाला दोन गोष्टी कुणीही न विचारता सांगतं. रेल्वेचं सेकंड गेट पडलं असेल तर कुठल्या बोळातून निघायचं, आणि गाडीत कुठलं ऑइल घालायचं. पहिला सल्ला ऐकून मी पुष्कळदा वेळेत पोचलोय. दुसऱ्याची ही हकीगत.

आमची गाडी केए-२२ पासिंगची, २०१४ ची, पेट्रोलवरची, घरातल्या सगळ्यांच्या मते थोरल्या सुनेसारखी सोशिक. वर्षाला चार हजार किलोमीटर फिरते. त्यातली निम्मी टिळकवाडी ते खडेबाजार, उरलेली भाजी, लग्नं आणि बारशी, आणि वर्षातून एकदा चोर्ला घाटातून गोवा. इतकी वर्षं अनगोळ रोडच्या आसपासचे आमचे गॅरेजवाले मामा आपल्या पिंपातलं काहीतरी जाडसर ओतायचे आणि मी पैसे द्यायचो. दोघंही सुखी होतो. यंदा गोव्याच्या आधी गाडी नेली तर मामांनी हात पुसत विचारलं, "सर, साधं घालू का सिंथेटिक?"

खानावळीत वाढपी "साधी थाळी का स्पेशल?" विचारतो ना, अगदी तोच सूर. शेजारच्या टेबलावरचे ऐकतायत असं वाटतं. साधं चौदाशे, सिंथेटिक अठ्ठावीसशे. मी म्हटलं, "उद्या सांगतो." इथंच चुकलो. 'उद्या सांगतो' म्हणणारा माणूस म्हणजे उघडं दार. कुणीही आत येतं.

मामा लगेच आलेच. "एक ध्यानात ठेवा. एकदा सिंथेटिक घातला की मागं यायचं न्हाई. इंजिनाला सवय लागतीय." बोलताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की इंजिन संध्याकाळ झाली की थरथरायला लागेल आणि बायकोचे दागिने विकून डबा आणेल, असं चित्र माझ्या डोळ्यापुढं उभं राहिलं.

रात्री पुण्याच्या मेव्हण्याला फोन केला. त्याच्याच गाडीचं ऑइल बदलत असल्यासारखा तो ओरडला, "दाजी, साधं मिनरल अजून घालतं का कुणी?" तुमच्याकडं अजून बंबात पाणी तापवतात का, असं विचारल्यासारखं. (तापवतात. गणपतीत पाहुणे आले की तापवतातच.) मग त्याने रेणू, ऑक्सिडेशन आणि टर्बो यांवर वीस मिनिटं ऐकवलं. माझ्या गाडीला टर्बो नाही हे सांगायला मला तेविसाव्या मिनिटाला जागा मिळाली. पुढच्या आठवड्यात गोव्याला तोही आमच्याबरोबर येणार होता, पुढच्या सीटवर. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

खानापूरच्या काकांचा विषयच वेगळा. त्यांची जीप १९८७ ची. तिच्यात ते वीस-चाळीस नंबरचं जाड ऑइल घालतात आणि पाऊस संपला की बदलतात, म्हणजे सुगीच्या हिशोबानं. "तेल म्हणजे तेल रे. ट्रॅक्टरला चालतंय, जीपला चालतंय, तुझ्या डबीला न चालायला काय झालं?" काकांच्या जीपपुरतं काका बरोबरच आहेत. जुन्या इंजिनात भागांच्या मधल्या फटी मोठ्या, तिथं जाड तेलच टिकतं. माझ्या डबीत फटी बारीक, तिला पातळ तेल लागतं. पण हे काकांना सांगायचं म्हणजे त्यांच्या जीपला म्हातारी म्हणायचं. ते माझ्यानं होणार नव्हतं. तांदूळ त्यांच्याकडूनच येतो.

शेवटी उद्यमबागेतल्या मित्राकडं गेलो. त्याचं मशीन शॉप आहे, आयुष्य तेलात गेलेलं. त्याने डिपस्टिक ओढली, थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं चोळला, वास घेतला. आता चाखतो की काय, म्हणून मी एक पाऊल मागं सरलो. तेल काकवीसारखं काळं झालेलं. मी ओशाळून म्हटलं, "खराब झालंय ना?"

"काळं झालं म्हणजे खराब झालं, असं कोण सांगितला तुला? धुणं घातल्यावर पाणी काळं झालं न्हाई तर साबण खोटा. ऑइलमधला साबण घाण उचलून धरतोय, म्हणून काळं दिसतंय."

इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी शहाणं बोललं होतं. त्यानं डब्यावरचे आकडेही समजावले. पाच डब्ल्यू-तीस मधला डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर. पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो, दुसरा शंभर अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो. थंडीचे आकडे नंतर मी घरी बसून वाचले आणि मला हसू फुटलं. वीस डब्ल्यूची परीक्षा उणे पंधरा अंशांवर घेतात, पाच डब्ल्यूची उणे तीसवर. बेळगावात पारा पंधराच्या खाली गेला की माकडटोप्या निघतात आणि कॅम्पात फिरायला जाणारे एकमेकांना 'काय थंडी पडलीय' म्हणून कुर्निसात करतात. उणे तीसवर इंजिन सुरू करायची वेळ आमच्यावर आली, तर ऑइलची चिंता आम्ही सगळ्यात शेवटी करू.

वाचायला बसलो तो बसलोच. मूळ भांडण असं, की साधं तेल जमिनीतल्या कच्च्या तेलातून गाळून येतं, त्यात रेणू लहानमोठे, खिचडीसारखे. सिंथेटिक म्हणजे एकसारखे रेणू मुद्दाम घडवलेले. ते उष्णतेला लवकर जळत नाहीत आणि थंडीत गोठायला वेळ लावतात. इथवर मेव्हणा जिंकत होता. पण पुढं गंमत निघाली. कच्चंच तेल हायड्रोजनच्या दाबाखाली मोडून-जोडून इतकं शुद्ध करता येतं, की ते जवळजवळ सिंथेटिकसारखंच वागतं. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावरून अमेरिकेत मोबिल कंपनीनं कॅस्ट्रॉल कंपनीविरुद्ध तक्रार केली, आणि १९९९ साली तिथल्या जाहिराती तपासणाऱ्या मंडळानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून डब्यावर 'फुल सिंथेटिक' छापलेलं असलं तरी आत कच्च्या तेलाचंच सुधारलेलं घराणं असू शकतं. बेळगाव बासमती म्हणून कुठल्या पोत्यातून काय निघतं हे पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

आणखी एक. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली ठेवलं ते कॅस्टरवरून. म्हणजे एरंडेल! तेव्हाच्या त्या तेलात एरंडेल घालायचे. हे मी आजीला सांगितलं. आजी झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत होती. माझ्या लहानपणी महिन्यातून एका रविवारी तिनं मला जे पाजलंय, त्याचा हा जागतिक सन्मान ऐकून तिचा चेहरा उजळला. "मग गाडीला तेच घाल की," म्हणाली. "पोट साफ ऱ्हातंय." तिच्या बाजूनं हा विषय तिथंच मिटला. झोपाळा कुर्र् कुर्र् करत राहिला.

मग गाडीची पुस्तिका शोधली. ती हिरेबागेवाडी आणि कोगनोळीच्या टोल पावत्यांखाली सापडली, अकरा वर्षं कोरी करकरीत. तिच्यात पाच डब्ल्यू-तीस हा आकडा होता. सिंथेटिक की साधं, यावर अवाक्षर नाही. म्हणजे मामांच्या पिंपातलं जाड तेल इतकी वर्षं चुकीचं होतं, आणि ज्यावरून घरोघरी वाद चालला होता त्याबद्दल पुस्तिकेला काही म्हणायचंच नव्हतं. तिचा राग भलत्याच गोष्टीवर. गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबत असेल किंवा चालू ठेवून उभी राहत असेल, तर तो 'कठीण वापर', आणि तेल वर्षाऐवजी सहा महिन्यांनी बदला! इंजिन पुरतं तापतच नाही, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथंच मुक्काम करतं. मी इतकी वर्षं समजत होतो, की गाडी कमी फिरते म्हणजे ती आरामात आहे. सेकंड गेटात फाटक उघडायची वाट बघत इंजिन चालू ठेवणं हा कठीण वापर आहे, हे रेल्वेनं कधी सांगितलं नाही. आणि ते पाणी तेलात मिसळताना तेलाची किंमत विचारत नाही. महाग ऑइल घातलं तरी सहा महिने ते सहा महिनेच.

म्हणजे माझ्या अकलेनं निकाल स्वच्छ होता. पाच डब्ल्यू-तीस, साधं मिळालं तर साधं, आणि वेळेवर बदलायचं. पण पुढच्या सीटवर मेव्हणा बसणार होता.

दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा नवा दिसला, म्हणून आपण कानडीतच बोलावं असं मला उगाच वाटलं. म्हटलं, "एण्णी बेकागित्तु री." त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अंगठा शेजारच्या बारकडं करून विचारलं, "गाडीगो, निमगो?"

गाडीला, का तुम्हाला? एण्णी म्हणजे तेल. पण आमच्या भागात संध्याकाळी कुणी एण्णी म्हटलं, तर ते इंजिनात जात नाही. दुकानातली चार माणसं हसली. मी "गाडीग, गाडीग" म्हणालो तर त्यानं विचारलं, "फुल्ल?" पुन्हा हशा.

मग तो मराठीत आला. "अगोदर सांगायचं की ओ मराठी म्हणून!" माझी कानडी आणि त्याची मराठी, दोन्ही एकाच पिंपातल्या. आमच्याकडं सेमी-सिंथेटिकचा, म्हणजे मिसळीचा, वेगळा डबा घ्यायला लागत नाही. तोंड उघडलं की तेच येतं.

साडेतीन लिटरचा फुल सिंथेटिक डबा घेतला. गॅरेजला गेलो तर मामा निपाणीला लग्नाला गेलेले, दोन दिवसांनी येणार. डबा डिकीत टाकला आणि तसेच गोव्याला निघालो. चोर्ल्याच्या चढाला मेव्हण्यानं डोळे मिटले, कान लावला आणि म्हणाला, "ऐका दाजी. आहे का काही आवाज? हा फरक असतो." मागं डिकीत सीलबंद डबा वळणावळणाला 'टक्' करत होता. मी म्हटलं, "मानलं तुला." परत जाताना त्याला एक किलो कुंदा जास्त बांधून दिला.

तेल शेवटी मामांनीच बदललं. इंजिनात ३.१ लिटर गेलं, उरलेलं मी घरी आणलं. अठ्ठावीसशेच्या हिशोबानं ते तीनशेच्या वर रुपयांचं होतं, टाकणार कसं? झोपाळ्याच्या चारी कड्यांना घातलं. वीस वर्षांची कुरकुर एका दुपारी बंद. मी स्वतःवर खूश.

संध्याकाळी आजी उठून बसलेली, डोळे लाल. "काय केलास रे झोपाळ्याला? आवाज न्हाई, काय न्हाई. दुपारभर डोळा लागला न्हाई बघ. ते पूर्वीचं खोबरेल घाल."

मला सगळं ठाऊक होतं. सिंथेटिकवरून साध्यावर खुशाल येता येतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात, काही बिघडत नाही. पण कड्या पुसायला माळ्यावरची शिडी काढायला लागली असती.

"आजी," मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "एकदा सिंथेटिक घातलं की मागं येता येत न्हाई."