आजीवन वॉरंटी, तडकलेली फ्रेम आणि जुन्या फ्रेमवरची नवी सायकल: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. बिलावर आजीवन वॉरंटी छापलेली असूनही तडकलेली फ्रेम बदलून मिळाली नाही, ती वेल्डिंग करून द्यायलाही दुकानाने नकार दिला आणि वर भंगारातली लोखंडी फ्रेम ‘कस्टम’ म्हणून गळ्यात मारायला बघितली, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. चालत्या सायकलची फ्रेम तडकणे ही जिवाशी गाठ असते, त्यामुळे आपला संताप मला समजतो. तरीही या तिन्ही बाबतींत आम्ही तसे का वागलो ते इथे सविस्तर लिहितो, कारण वापरलेली सायकल विकत घेणाऱ्या इतरांनाही ते माहीत असायला हवे.

सायकल आमच्याच दुकानातून विकली गेली होती, पण ती आपल्या आधीच्या मालकांना, आणि बिलही त्यांच्याच नावाचे आहे. फ्रेमची आजीवन वॉरंटी कंपनी देते, दुकान देत नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ती पहिल्या खरेदीदारापुरती असते आणि त्यातही केवळ धातूतील किंवा जोडकामातील दोषाची असते. अपघात, झीज आणि चुकीचा वापर तिच्यात बसत नाही. हे ठाऊक असूनही बिलाची प्रत, बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या नळीखाली, कोरलेला फ्रेम क्रमांक आणि तड्याचे फोटो जोडून आम्ही आपला दावा कंपनीकडे पाठवला, कारण जोडकामातला दोष स्पष्ट दिसत असेल तर मालक बदललेला असूनही कधीकधी कंपनी विचार करते. आपल्या बाबतीत तसे झाले नाही, आणि त्याचे कारण सीटपोस्टवर, म्हणजे सीट पेलणाऱ्या दांड्यावर, दिसत होते.

ही फ्रेम आधीच्या मालकांच्या उंचीची होती. आपण त्यांच्यापेक्षा बरेच उंच असल्याने सीट वर घेतली गेली आणि पोस्टवरची मर्यादेची खूणही सीट ट्यूबच्या, म्हणजे पोस्ट बसते त्या उभ्या नळीच्या, बाहेर आली. काळ्या पोस्टवर नळीत घासून चकचकीत झालेला पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा होता, म्हणजे पोस्टचे खालचे टोक टॉप ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या, जोडापर्यंतही पोहोचत नव्हते. अशा वेळी प्रत्येक खड्ड्यात पोस्ट पहारीसारखी काम करते आणि सगळा जोर त्या जोडावर येतो. तडाही नेमका तिथेच, वेल्डिंगच्या कडेने गेला होता. त्याचा अर्धा भाग मळाने काळा पडलेला आणि उरलेला स्वच्छ रुपेरी होता, यावरून तो एका दिवसात पडलेला नसून हळूहळू वाढत गेला होता हे कळते.

आता वेल्डिंगविषयी. आर्गॉन वेल्डिंग करणारे कारागीर शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांतला कोणीही आपल्याला तो तडा भरून देईल. आम्ही मात्र देणार नाही. आपली फ्रेम 6061 जातीच्या ॲल्युमिनियमची आहे आणि तिची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा धातू नरम पडतो आणि त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ती परत आणायची तर संपूर्ण फ्रेम सुमारे 530 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात थंड करावी लागते, सरळ करावी लागते आणि पुन्हा सुमारे 175 अंशांवर कित्येक तास ठेवावी लागते. ही सोय नसताना भरलेला तडा वरून उत्तम दिसतो आणि काही महिन्यांनी त्याच्या शेजारी दुसरा उघडतो.

आपण जिला भंगारातली लोखंडी फ्रेम म्हटले आहे, ती क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या, पोलादाची आहे. पोलादाचा तडा पितळी ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेले पितळ जोडात भरून, दुरुस्त करता येतो, नळीसुद्धा बदलता येते. म्हणूनच जुन्या फ्रेमवर नवी सायकल उभी करायची असेल तर आम्ही पोलादच निवडतो. एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणून, सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरते का हे आपल्यासमोरच मोजून दाखवले होते. नळ्यांच्या आतला गंज पाहिला होता आणि रंग खरवडून प्रत्येक जोड तपासला होता. फ्रेम क्रमांक खोडलेली किंवा विकणाऱ्याची लेखी पावती नसलेली फ्रेम कितीही चांगली असली तरी आम्ही घेत नाही, कारण चोरीच्या सायकली अशाच वाटेने फिरतात.

ही फ्रेम शोधायला वेळ लागला, कारण आपल्या चाकांचा, टायर रिमवर बसतो तिथला व्यास 622 मिलिमीटर आहे. माउंटन बाइकच्या 26 इंची म्हणजे 559 मिलिमीटरच्या चाकांसाठी बनलेल्या फ्रेमवर ती बसवली असती तर चाकाची रिम ब्रेकच्या पॅडपासून तीन सेंटिमीटरहून अधिक सरकली असती. मिळालेली फ्रेम आपल्या उंचीची आहे. तिचा बॉटम ब्रॅकेट आपल्या सायकलसारखाच 68 मिलिमीटर रुंदीचा आहे, त्यामुळे क्रँक (पॅडलचे दांडे), चाके, गिअर आणि ब्रेक हे सगळे आपलेच वापरता येते. हँडल, स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि सीटपोस्ट मात्र नवीनच घ्यावे लागतील, असे अंदाजपत्रकात लिहिले आहे. पोस्ट वाकण्याइतका ताण सोसून आली आहे, आणि हँडल व स्टेम जुने वापरायचे नाहीत हा आमचा नियम आहे; तो आम्ही कोणासाठीही मोडत नाही. या सायकलला आजीवन वॉरंटी नाही, हेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही केलेल्या सुट्या भागांच्या जुळणीची एक वर्षाची जबाबदारी मात्र लेखी देतो.

हा पर्याय नको असेल तर आपले सुटे भाग आपल्या नावाची चिठ्ठी लावून वेगळे ठेवले आहेत. ते आणि फ्रेम दोन्ही घेऊन जावे, तपासणीचे काही पैसे नाहीत. एक विनंती मात्र आहे: फ्रेम आमच्याकडेच सोडणार असाल तर तसे लिहून द्यावे, म्हणजे आम्ही ती सीट ट्यूबपाशी कापून मगच भंगारात देऊ आणि तडा बुजवून, रंग मारून ती दुसऱ्या कोणाला विकली जाणार नाही.