संक्रांतीचा तो फॉरवर्ड आणि वराहमिहिर

'१४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो, याच दिवसापासून दिवस मोठा होतो. ऋषींनी हे हजारो वर्षांपूर्वी कुठल्याही उपकरणाविना, केवळ ध्यानातून, सेकंदापर्यंत अचूक सांगितलं. भीष्म याच तारखेसाठी थांबले. जग तेव्हा अंधारात होतं.' दर जानेवारीत फिरणारा हा मजकूर यंदा माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला. आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी तारीख. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. १४ जानेवारी उजाडेपर्यंत मुंबईतला दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. सूर्याचं हे वळणं, म्हणजे उत्तरायण, आणि त्याचा मकर राशीतला प्रवेश, म्हणजे संक्रांत, एकाच दिवशी यायचे ते सुमारे १७०० वर्षांपूर्वी. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून वळतो ती जागा, ताऱ्यांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आपलं निरयन पंचांग राशी ताऱ्यांना बांधून ठेवतं, म्हणून संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे जाते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. २०२४ मध्ये १५ला आली. पानिपत 'ऐन संक्रांतीला' झालं असं आपण सर्रास म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख खरी, पण त्या वर्षीची संक्रांत चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती.

एक मान्य करावं लागेल. मुंबईत सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, सव्वासातपर्यंत. त्यामुळे पहाटे उठणाऱ्याला फरक संक्रांतीनंतरच जाणवतो. पण सूर्यास्त डिसेंबर लागतो तेव्हापासूनच पुढे सरकू लागलेला असतो, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

खरी चीड येते ती 'उपकरणाविना, सेकंदापर्यंत अचूक' याची. वेदांग ज्योतिष या प्राचीन खगोलग्रंथात पाच वर्षांचं युग १८३० दिवसांचं आहे, म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचं. पाच वर्षांत जवळपास चार दिवसांचा फरक पडतो. त्या काळासाठी हे मोठंच काम आहे, पण त्यात सेकंद कुठून आले? आणि उपकरण नव्हतं कसं? शंकू होता: सपाट जमिनीवर सरळ रोवलेली काठी आणि तिच्याभोवती आखलेलं वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. भर माध्यान्हीची सावली रोज मापत गेलं, की ती सर्वांत लांब भरून पुन्हा आखडू लागते, तिथे उत्तरायण.

सहाव्या शतकातल्या ज्योतिर्विद वराहमिहिराने हे आपल्या बृहत्संहितेत, आदित्यचाराच्या म्हणजे सूर्याच्या गतीच्या अध्यायात, स्वच्छ सांगून ठेवलंय. तो म्हणतो: जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलंय, कधीकाळी ते तसं असेलच. आज, म्हणजे त्याच्या काळी, ते मकर राशीच्या आरंभी होतं. फरक आढळला तर प्रत्यक्ष परीक्षणाने ठरवा. कसं, तेही पुढच्याच श्लोकात: उगवता-मावळता सूर्य दूरच्या खुणेशी ताडून पाहा, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावली शिरण्या-निघण्याच्या खुणा करा. ग्रंथ आणि आकाश जुळेनात, तेव्हा त्याने आकाश प्रमाण मानलं. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून सावल्या मापणाऱ्या माणसांना 'पाहायची गरजच नव्हती' असं मुलांना शिकवणं हा त्यांचा अपमान आहे, गौरव नाही.

'जग अंधारात होतं' हेही खोटं. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात, दारावर मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सकाळी ऊन थेट आतल्या दालनापर्यंत पोचतं. ते बांधून सुमारे ५२०० वर्षं झाली.

राहता राहिले भीष्म. ते उत्तरायणासाठी थांबले, तारखेसाठी नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात ते शरशय्येवर ५८ रात्री गेल्याचं आणि माघ आल्याचं सांगतात. मकर राशीचं नाव त्या श्लोकांत नाही.