तिसऱ्या मुलाचा आग्रह कसा करावा

आपल्या मराठी लोकांचा जन्मदर घसरतोय आणि त्या काळजीने तुम्हाला झोप लागत नाही, हे अख्ख्या ग्वाल्हेरला कळायला हवं. तेव्हा आधी माइक मिळवा. गणपतीतला बक्षीस समारंभ यासाठी फार सोयीचा. आया पोरांची बक्षिसं घ्यायला आलेल्या असतात, मध्येच उठून जाता येत नाही.

उभं राहण्याआधी 2.1 हा आकडा पाठ करा. बाईमागे सरासरी इतकी मुलं झाली तर लोकसंख्या टिकते, त्याखाली गेलो की संपलो. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे वाचा: बिहार 3.0, मध्य प्रदेश 2.0, गुजरात 1.9, महाराष्ट्र 1.7. महाराष्ट्रापाशी आवाज जरा कापरा होऊ द्या. तुमचा स्वतःचा मुलगा पुण्यात एकावरच थांबलाय, हे तेव्हा कोणी काढणार नाही. तुम्ही स्वतः कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या काळात दोनावर थांबला होतात, हेही नाही.

खर्चाचा विषय आलाच तर ‘चोच देतो तो चाराही देतो’ म्हणा आणि पुढे सरका.

कायदे मध्ये आणू नका. 26 जानेवारी 2001 नंतर तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरीला अपात्र, हा नियम आपल्याच मध्य प्रदेशाने काढला होता. 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, पण ती पहिल्या दोघांपुरती. तिसऱ्याला 12. तुम्ही मात्र पहिल्यापेक्षा तिसऱ्याचाच आग्रह जोरात धरा.

दोन सिझर झालेल्या बाईला सल्ला देताना तिच्या डॉक्टरांना विचारायची गरज नाही. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, तुम्हाला सगळं कळतं.

मुलं आपोआप मोठी होतात, असंही सांगा. ‘आमची झालीच की!’ कोणी केली, ते काकूंना विचारू नका.

आता मुख्य सूचना. तिसरं म्हणजे नक्की काय हवंय, ते उघड बोलू नका. यंदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मंडपात एका काकांची नेमकी इथेच गडबड झाली. माझी मुलगी रांगोळीचं बक्षीस घ्यायला वर गेली, तर यांनी माइकवरूनच विचारलं, “काय गं, भाऊ हवा की नको?” टाळ्या पडल्या. भाऊ! बहीण हवी का, असं नाही विचारलं. दुसऱ्याच मुलाचा पत्ता नाही आणि ते काय असावं हे मंडपात ठरलंसुद्धा.

काका, 2.1 मधला तो वरचा .1 कशाला असतो, माहीत आहे? आई-बाप दोन, म्हणून मुलं दोन पुरायला हवीत. पण काही मुलं मोठी होईपर्यंत जगत नाहीत, आणि मुळात मुलींचा जन्म मुलग्यांपेक्षा थोडा कमीच असतो, हजारामागे साडेनऊशेच्या आसपास. पुढची पिढी मुलींच्याच पोटी येते, म्हणून ही भर. आणि 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? 840. शेजारी चंबळमधल्या मुरैनात 829, भिंडमध्ये 843. गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा कायदा 1994 चा, म्हणजे ही सगळी पोरं कायद्यानंतरची. मुली एवढ्या कमी असतील तिथे तुमचं 2.1 सुद्धा पुरत नाही! ‘ते चंबळवाले, आपल्यात असलं काही नाही,’ असं म्हणणार असाल तर नातू झाल्यावर पेढे आणि नात झाल्यावर बर्फी कोणाकडे वाटतात, तेही सांगा. त्या न जन्मलेल्या मुली आज पंधरा-वीस वर्षांच्या असत्या. उद्याच्या आयाच कमी करून ठेवल्यात आणि आता उरलेल्यांकडून प्रत्येकी तीन वसूल करायला निघालात? लाज कशी वाटत नाही?

एवढी काळजी असेल तर पाळणाघर काढा. मंडळाचं सभागृह वर्षातले बरेच महिने कुलपातच असतं. रात्री बाळ रडलं की सुनेआधी मुलाला उठवा. तिची नोकरी सुटू नये म्हणून सकाळचे दोन डबे तुम्ही भरा, पोळ्या लाटता येत नसतील तर शिका. यातलं काहीच करायचं नसेल तर गप्प बसा. आमच्या घरात किती मुलं असावीत, हा तुमच्या भाषणाचा विषय नाही. माझ्या मुलीशी बोलायचंच असेल तर तिच्या रांगोळीबद्दल बोला. भाऊ हवा का, हे तिला पुन्हा विचारायचं नाही. मलाही नाही.