धुकं म्हणजे वरून ओढलेला पांढरा थर नव्हे!

"भाऊ, थोडं धुकं टाकून द्या ना वरून." वरून! या एका शब्दाने डोकं फिरतं माझं, आणि संगणकावर दृश्यं बनवण्याच्या दर दुसऱ्या कामात तो ऐकावा लागतो. अहो, धुकं चित्रावर नसतं, चित्रात असतं.

मे महिन्यात नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवरून शहराकडे बघा. जवळची झाडं गडद, मागच्या इमारती फिक्या, क्षितिज आभाळात विरलेलं. अंतर वाढतं तसा आधी काळा रंग उडतो, सावल्या राखाडी-निळसर होतात. म्हणून तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून मिस्ट पास (कोणती वस्तू किती लांब हे करड्या छटांत दाखवणारा थर) वेगळा काढायचा, कुठे किती धुकं हे ठरवायला तो मास्क म्हणून लावायचा, धुक्याचा रंग क्षितिजाजवळच्या आभाळातून उचलायचा. अख्ख्या फ्रेमवर ४० टक्क्यांचा पांढरा थर ओढला की समोरचा दगडही मागच्या डोंगरासारखाच फिका. चित्राची खोली गेली, उरली धुळकट काच.

आणि फाइल कोणती देतात? ८ बिटची जेपीजी! लाल, हिरवा, निळा अशा एकेका चॅनेलला जेमतेम २५६ छटा. धुक्याचा तलम उतार त्यात मावतच नाही, आभाळात पट्टे पडतात. मग "या रेघोट्या कसल्या?" म्हणून रात्री अकराला फोन मलाच. कितीतरी जास्त छटा मावणारी १६ बिटची ईएक्सआर फाइल मागितली होती मी. तीनदा.

परवा रामटेकच्या डोंगराचं दृश्य पाठवलं. तीन दिवस बसलो होतो त्याच्यावर. कुणीतरी काँट्रास्ट ताणून ते परत पाठवलं, का तर "डोंगर नीट दिसत नव्हता". अरे, नीट दिसू नये म्हणूनच तर तीन दिवस घालवले ना!