‘मजबुरी’ आणि ‘तुम्हां लोकांना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. दोनदा रागाने, एकदा तिच्यातली उद्गारचिन्हे मोजण्यासाठी (नऊ आहेत), आणि शेवटी तिच्यात मुद्दा आहे का ते पाहण्यासाठी. मुद्दा आहे. तो एका वाक्याचा आहे आणि बाकीच्या मजकुराने त्याचे बरेच नुकसान केले आहे, तरी आहे. म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळे होण्याऐवजी हे स्वतंत्र उत्तर लिहीत आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गल्ली रॅपच्या, म्हणजे वस्तीतल्या मुलांनी हिंदीत केलेल्या रॅपच्या, व्हिडिओंमध्ये कष्टकरी वस्तीतला पंधरा ते वीस वर्षांचा मुलगा कॅमेऱ्याला कसा दिसतो, हा त्या लेखाचा विषय होता. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझी या रॅपरने, ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याचा व्हिडिओही आयपॅडवरच चित्रित केला. आयपॅडच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, नखाएवढा असतो आणि त्यामुळे जवळचे-लांबचे सगळे जवळपास सारखेच स्पष्ट उमटते. पुढे याच प्रकारचे व्हिडिओ मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांनी होऊ लागले, मागची वस्ती धूसर झाली आणि मुलगा तिच्यातून उचलून वेगळा काढल्यासारखा दिसू लागला. माझे म्हणणे एवढेच होते की, ज्या मुलाला घरात स्वतःचा कोपरा नसतो त्याला धूसर पार्श्वभूमी एक खोटी खोली मिळवून देते, आणि सगळे काही स्पष्ट दाखवणारी चौकट ती खोली त्याला नाकारते. या वयातले मुख्य दुःख एकांत नसण्याचे असते, आणि ते धूसर चित्रणात लपते, स्पष्ट चित्रणात दिसते.

यावर आपण लिहिले : ‘तुम्हां लोकांना गरिबी दिसली की लेन्स आठवते! ज्याच्याकडे आयपॅडशिवाय काहीच नव्हते त्याच्या मजबुरीला तुम्ही निवड म्हणता, ही आरामखुर्चीतली समीक्षा आहे!’ याशिवाय साल चुकल्याचे, मुलींबद्दल काहीच नसल्याचे, मराठी रॅपला एका ओळीत गुंडाळल्याचे आणि गाण्यांच्या शब्दांकडे दुर्लक्ष केल्याचे आपण नोंदवले आहे.

सालाबद्दल आपले बरोबर आहे. ‘आफत’ २०१४चे आहे. २०१५ हे नेझी आणि डिवाइन यांच्या ‘मेरे गली में’चे साल, आणि माझ्या लेखात दोहोंची गल्लत झाली होती. चूक दुरुस्त केली आहे. आपले आभार. ‘निदान गूगल तरी करायचे’ हे शेपूट त्याला जोडले नसतेत तरी आभार मानले असते.

आता ‘तुम्हां लोकांना’. हे लोक कोण, हे आपण कुठेही सांगितलेले नाही. माझ्या नावावरून, माझ्या भाषेवरून किंवा मी आता ठाण्यात राहतो यावरून आपण काही अंदाज बांधला असावा. प्रमाण मराठीत पूर्ण वाक्ये लिहिणारा माणूस जन्मतःच आरामखुर्ची घेऊन येतो, असा एक समज अलीकडे पसरला आहे. मला स्वतःबद्दल लिहायला आवडत नाही, पण आपण भाग पाडले आहे. मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची एक खोली आणि आम्ही सात जण. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि वडील गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतले नाही आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी रात्रपाळीचे वॉचमन म्हणून केली. दिवसा ते खोलीत झोपत, म्हणून आम्ही भावंडे दिवसभर व्हरांड्यात. दहावीचा अभ्यास मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून केला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी गुडघे बाजूला घ्यायची तेव्हाची सवय अजून गेलेली नाही. एकांत नसतो म्हणजे काय होते, हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलेले नाही. आपण कुठे वाढलात हे आपण लिहिलेले नाही. मी विचारतही नाही.

तेव्हा आता मुद्द्याकडे येतो. ‘मजबुरी’ हा शब्द आपण असा वापरला आहे की, जणू साधन ठरले म्हणजे पुढचे सगळेच ठरून गेले. आयपॅड हे साधन परिस्थितीने दिले, हे मी लेखातही मान्य केले होते (तो परिच्छेद आपण वाचला असेल असे गृहीत धरतो). पण हातात आयपॅड आल्यावर तो छातीच्या उंचीवर धरायचा की गुडघ्याच्या, मुलाच्या पुढे उलटे चालत जायचे की त्याच्या मागून, घोळक्यातल्या दहा वर्षांच्या पोराने कॅमेऱ्यात डोळे रोखून पाहिले तर तो तुकडा ठेवायचा की कापायचा, हे सगळे कोणीतरी ठरवत असते. गरिबाला यातले काही ठरवता येत नाही, त्याच्या हातून ते आपोआप घडते, असे म्हणणे हा त्याचा सन्मान आहे असे आपल्याला वाटत असेल तर वाटो. मला तो अपमान वाटतो.

एक अगदी साधी गोष्ट पाहा. स्वस्त कॅमेऱ्याने गल्लीत चालत चित्रण केले की, अरुंद काळोख्या बोळातून उघड्यावर येताना प्रकाशाचे माप कॅमेरा स्वतः बदलतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्या वेळात चौकट पांढरीफट्ट होते आणि मग त्या पांढऱ्यातून हळूहळू मुलाचा चेहरा, मागचा पत्रा, वायरींचे जाळे असे एकेक वर येते. तांत्रिकदृष्ट्या हा दोष आहे. तो घडतो ती मजबुरी, हे कबूल. पण संकलनाला बसल्यावर तो क्षण कापायला एक बोट पुरते, आणि तो कापायचा की ठेवायचा ते बोट ज्याचे असते तोच ठरवतो. असा क्षण जिथे शिल्लक दिसतो, तिथे बोळातून बाहेर पडताना डोळे दिपणे म्हणजे काय ते त्या मुलाइतकेच बघणाऱ्यालाही कळते. हीच वस्ती स्टुडिओच्या दिव्यांत उजळून दाखवली, तर बोळ आणि उघडे यांतला हा फरक नाहीसाच होतो.

आणि मजबुरीच असेल, तर पैसा आल्यावर ती संपायला हवी होती. तसे झाले नाही. व्यावसायिक कॅमेरे आले, त्यांना स्थिर ठेवणारी यंत्रे आली, तरी हलती चौकट टिकली. किंबहुना ती मुद्दाम हलवण्यात येऊ लागली, कारण तेवढ्यात तिला ‘अस्सल’पणाचा भाव आला होता. रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी आले, पण व्हिडिओतली गल्ली रंगसंस्कारात पुन्हा पिवळी केली जाते, कारण कष्टकरी वस्तीची रात्र पिवळीच असते असे बघणाऱ्याच्या मनात ठसलेले आहे. हे करणाऱ्यांपैकी कोणाची कसली मजबुरी होती, हे आपण सांगावे.

खरी मजबुरी कशी असते ते मीच सांगतो, म्हणजे आपल्याला माझा पक्षपात दिसणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली आणि परवान्याचे नियम लागू झाले ते डिसेंबर २०१८ पासून. मधल्या चार वर्षांत गल्ली रॅपची बहुतेक पहिली भरती येऊन गेली, आणि कायदा पाळून वरून दृश्य हवे असेल तर कोणाच्या तरी गच्चीवर चढण्याला पर्याय नव्हता. ही मजबुरी शंभर टक्के होती. तिने झाले काय? पाचव्या मजल्यावरून खाली पाहिले तर घोळक्यातला आपला मुलगा ओळखू येतो, त्याने मान वर केली तर चेहराही दिसतो. ड्रोन शंभर मीटरवर गेला की पत्रे दिसतात, निळी ताडपत्री दिसते; मुलगा उरत नाही, वस्ती नावाची एक नक्षी उरते. तेव्हा मजबुरीचे मला वावडे नाही. तिच्यापाशी येऊन विचार थांबवणे, याचे आहे.

संथ गतीबद्दलचा माझा परिच्छेद आपल्याला ‘तांत्रिक पांडित्य’ वाटला. त्यात पांडित्य नाही, मेहनत आहे. गाणाऱ्याचे ओठ गाण्याशी जुळलेले आणि बाकी सगळे संथ, असे दृश्य हवे असेल तर सेकंदाला ५० चौकटी घेतात, त्या २५च्या वेगाने दाखवतात, आणि चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. म्हणजे आधीच भरधाव असलेले ते रॅप त्या मुलाला दुप्पट वेगाने म्हणावे लागते, श्वास कोंडेपर्यंत, आणि पडद्यावर तो मात्र पाण्यात चालल्यासारखा निवांत दिसतो. मागे उभी असलेली पोरे काहीच करत नसतात. काम नसलेली दुपार जशी उभ्याउभ्या जाते तशी ती उभी असतात, पण त्यांचे शर्ट संथपणे फडफडतात आणि त्या रिकामपणाला एकदम पराक्रमाची कळा येते. हे चांगले की वाईट, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. कट्ट्यावरच्या ज्या रिकामपणाला घरचे, शिक्षक आणि गस्तीचे पोलीस सगळेच शिव्या घालतात, त्याला कोणीतरी एकदा भव्य करून दाखवले, याचा आनंदही होतो. आणि तो रिकामपणा का आहे हे विचारण्याची गरजच त्यामुळे उरत नाही, असेही वाटते. या गुंत्यावर आपण काही लिहिले असतेत तर मला शिकायला मिळाले असते. आपण त्याला पांडित्य म्हणून पुढे गेलात.

बाकीच्या आक्षेपांबद्दल. मुली या व्हिडिओंत फारशा नसतात हे खरे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मराठी रॅपवर मी वेगळे लिहिणार आहे, हे त्याच लेखाच्या शेवटी म्हटले होते. शब्दांबद्दल लिहिले नाही, कारण लेख दृश्यांबद्दल होता. भाजीच्या दुकानात जाऊन मासे का नाहीत असे आपण विचारत नसाल.

शेवटी त्या आरामखुर्चीबद्दल, कारण ती मला खरोखरच लागली. दहावीनंतर दोन वर्षे मी आमच्याच भागातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे लाईट धरायचे काम केले. खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा त्यांचा, हजार वॅटचा हॅलोजन माझा. तो पेटला की त्याच्यावर बसलेली धूळ जळाल्याचा वास यायचा, आणि चाळीत वायर कोणाच्याही खोलीतून ओढली तरी दर तासाला एकदा फ्यूज जायचाच. ‘भिंत सोड, चेहरा धर,’ एवढे एकच वाक्य त्यांनी मला दोन वर्षांत शिकवले, आणि प्रत्येक घरात शिकवले.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीला ते त्यांना म्हणावे लागले नाही. आमच्या व्हरांड्यातली भिंत खालून हातभर ओलीने फुगलेली होती आणि धाकट्याने तिच्यावर कोळशाने तीन स्टंप काढलेले होते. कॅसेट नंतर मुलाकडच्यांच्या घरी बघितली जाणार होती. कोणी सांगण्याआधीच मी दिवा आत वळवला. ती कॅसेट आम्ही नंतर सीडीवर घेतली. तीत ताईचा हळदीने माखलेला चेहरा लखलखीत आहे आणि तिच्या मागे नुसता काळोख आहे. घरात दुसरा दिवा नव्हता, दुसरी भिंत नव्हती, आणि हॅलोजन माझ्या हातात होता. याला आपण मजबुरी म्हणाल की निवड, ते जरूर कळवा, शक्यतो उद्गारचिन्हांशिवाय.